फोनच्या गतिसंवेदकांकडून काय काय करून घेता येते

फोन टेबलावर अगदी स्तब्ध ठेवून त्याच्या ॲक्सेलेरोमीटरचे वाचन पाहिले, तर तेथे शून्य दिसत नाही, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असा आकडा दिसतो. तोच फोन जाड गादीवर पडू दिला, तर तो हवेतून खाली येत असताना, म्हणजे त्याचा वेग झपाट्याने वाढत असताना, आकडा जवळजवळ शून्यावर येतो. नाव त्वरण मोजणाऱ्याचे आणि वागणे नेमके उलटे, असे वाटण्याजोगा हा प्रकार आहे. त्याचे कारण एकदा समजले की या संवेदकाकडून कोणते काम करून घ्यावे आणि कोणते घेऊ नये, हे आपोआप उलगडत जाते.

ॲक्सेलेरोमीटरच्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा स्प्रिंगसारख्या लवचिक पट्ट्यांवर तोलून धरलेला असतो. फोनला कोणी ढकलले, उचलले किंवा नुसते खालून आधार दिला, तरी त्या पट्ट्या किंचित वाकतात, तुकडा जागेवरून सरकतो आणि शेजारच्या पट्टिकांमधील विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. टेबल फोनला खालून तोलून धरते म्हणून ९.८ दिसते, पडत्या फोनला कोणाचाच आधार नसतो म्हणून शून्य दिसते. थोडक्यात, हा संवेदक हालचाल पाहत नाही, त्याला जाणवतो तो रेटा. दुसरा संवेदक जायरोस्कोप. त्यातील सूक्ष्म वस्तुमान सतत थरथरत असते आणि फोन वळला की कोरिऑलिस परिणामामुळे ते बाजूला ढळते; त्यावरून फोन किती झपाट्याने वळत आहे ते कळते. जायरोस्कोप असलेला पहिला फोन २०१० साली आलेला आयफोन ४ होता. आज तो बहुतेक फोनमध्ये असतो. मात्र स्वस्त फोनमध्ये तो वगळलेला असू शकतो, म्हणून प्रयोगाला बसण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

यातून एक मोह उत्पन्न होतो आणि तो आरंभीच मोडून काढलेला बरा. त्वरण कळते, तर त्यावरून वेग काढता येईल आणि वेगावरून फोनने कापलेले अंतरही काढता येईल, हा विचार कागदावर अचूक आहे. प्रत्यक्षात संवेदकाच्या वाचनात नेहमीच थोडी स्थिर चूक असते. ती केवळ ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी असली, तरी वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढत जाऊन एका मिनिटात फोन १८ मीटर सरकल्याचे दाखवते; फोन मात्र टेबलावरच पडून असतो. म्हणून या संवेदकांना अंतर विचारू नये. फोन किती कलला आहे, एखादी हालचाल किती वेळाने पुन्हा येते आणि धक्का नेमका कधी बसला, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे हे संवेदक आश्चर्य वाटावे इतक्या चोखपणे देतात आणि पुढील जवळजवळ सर्व उपयोग याच तीन प्रश्नांतून निघालेले आहेत.

पूर्वतयारी

संवेदकांचे कच्चे आकडे पाहण्यासाठी फायफॉक्स हे ॲप मला सर्वांत सोयीचे वाटते. जर्मनीतील आखेनच्या तांत्रिक विद्यापीठाने ते २०१६ साली उपलब्ध करून दिले. ते विनामूल्य आहे आणि अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींवर चालते. त्यातील एक सोय विशेष मोलाची आहे. दूरस्थ वापराचा पर्याय चालू केला की ॲप एक पत्ता दाखवते आणि त्याच वाय-फायवर असलेल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडून मापन सुरू करता येते, थांबवता येते व आलेखही पाहता येतो. फोन दोरीला टांगलेला असताना किंवा झोपलेल्या माणसाच्या पोटावर ठेवलेला असताना त्याला हात लावणे म्हणजे मापन बिघडवणे होय, त्यामुळे ही सोय चैन नसून गरज आहे.

अक्षांची ओळख करून घ्यावी. फोन उभा धरला असता उजवीकडे जाणारा एक्स, वरच्या कडेकडे जाणारा वाय आणि पडद्यातून आपल्याकडे येणारा झेड. काही ॲप आकडे मीटर प्रति सेकंद वर्गात दाखवतात, तर काही गुरुत्वत्वरणाच्या पटीत. शिवाय आयफोनवरील काही ॲपमध्ये चिन्ह उलटे असते, म्हणजे पडदा वर करून ठेवलेल्या फोनचे झेड वाचन उणे १ येते. हे बिघाडाचे लक्षण नव्हे.

त्यानंतर संवेदकाची स्थिर चूक मोजून ठेवावी. फोन सपाट पृष्ठभागावर आधी पडदा वर आणि मग पडदा खाली असा ठेवून झेड अक्षाचे वाचन टिपावे. समजा, पहिले वाचन ९.९५ आणि दुसरे उणे ९.६७ आले, तर दोन्हींची बेरीज करून निम्मी केल्यावर मिळणारे ०.१४ ही त्या अक्षाची चूक होय. ती पुढे प्रत्येक वाचनातून वजा करावी.

बहुतेक ॲपमध्ये त्वरणाचे दोन पर्याय असतात: गुरुत्वाकर्षणासह आणि गुरुत्वाकर्षणाविना. नवखा माणूस सहसा दुसरा पर्याय निवडतो, कारण त्यात स्थिर फोनचे वाचन शून्य येते आणि ते मनाला पटते. पण हा दुसरा आकडा थेट मोजलेला नसतो. फोनमधील प्रणाली गुरुत्वाकर्षणाची दिशा अंदाजाने ठरवून ते वजा करते आणि या वजाबाकीत संथ हालचालीही पुसल्या जातात. कोन किंवा संथ लय मोजायची असेल, तर पहिलाच पर्याय निवडावा.

कोन

फोन एका अंशाने कलला की आडव्या अक्षावरील वाचन सुमारे ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्गाने बदलते. हा फरक संवेदकाला सहज कळतो, आणि म्हणूनच पातळी पाहणे हा त्याचा सर्वांत भरवशाचा उपयोग आहे. फळी, चित्राची चौकट किंवा यंत्राचे पाय समपातळीत आहेत का, हे पाहताना फोन पाठीवर ठेवू नये, कारण कॅमेऱ्याचा उंचवटा त्याला आधीच कलता करतो. ज्या लांब कडेवर बटणे नाहीत त्या कडेवर तो उभा करावा. एक वाचन घेतल्यावर फोन त्याच जागी अर्धा वळसा फिरवून दुसरे घ्यावे आणि दोन्हींतील फरकाचा निम्मा भाग हा खरा उतार मानावा. गवंडी आपली लेव्हल-बाटली उलटसुलट ठेवून पाहतो, त्यातील युक्ती हीच आहे. चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उताराला अनेक देशांच्या नियमांत १:१२ हे प्रमाण सांगितलेले असते, ते ४.८ अंशांच्या आसपास येते आणि अशा रीतीने मिनिटभरात तपासता येते.

झाडाची किंवा इमारतीची उंची मोजणे हा याच कोनाचा अधिक गमतीचा वापर. फोनची लांब कड डोळ्याजवळ बंदुकीसारखी धरून तिच्या रेषेत झाडाचा शेंडा आणावा आणि शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याने पडद्यावरील कोन वाचावा. स्वतःच वाचायला गेल्यास फोन हलतोच. झाडापासून २० मीटर अंतरावर कोन ३५ अंश आला, तर त्याचा टॅन्जंट ०.७० असल्यामुळे डोळ्याच्या पातळीपासून शेंडा १४ मीटर वर आहे. डोळ्याची उंची दीड मीटर धरली, तर झाड साडेपंधरा मीटरचे ठरते. एका अंशाची चूक येथे सुमारे अर्धा मीटर होऊन समोर येते, तेव्हा तीन-चार वाचनांची सरासरी घ्यावी. गणित टाळायचे असेल, तर कोन ४५ अंश होईपर्यंत मागे किंवा पुढे सरकत जावे; तेथून झाडापर्यंतचे अंतर अधिक डोळ्याची उंची, हीच झाडाची उंची.

एका ठिकाणी मात्र ॲक्सेलेरोमीटर पूर्ण आंधळा ठरतो. दारावर चिकटवलेला फोन दारासोबत फिरतो, परंतु दाराचा अक्ष उभा असल्यामुळे गुरुत्वाकर्षणाची दिशा फोनच्या दृष्टीने बदलतच नाही आणि कोनाचे वाचन जसेच्या तसे राहते. दार किती उघडले हे पाहायचे असेल, तर जायरोस्कोपच लागतो. त्याने दिलेला वळण्याचा वेग क्षणाक्षणाने जोडत गेले की उघडलेला कोन मिळतो. जायरोस्कोपचे वाचनही कालांतराने वाहवत जाते, पण अर्ध्या मिनिटाच्या कामापुरते ते चालून जाते.

लय

पुन्हा पुन्हा येणाऱ्या हालचालीत संवेदकाची स्थिर चूक बाधत नाही, कारण आकडा किती आला याला महत्त्व नसून तो किती वेळाने परत आला याला महत्त्व असते. म्हणूनच स्वस्तातल्या संवेदकाकडूनही येथे प्रयोगशाळेच्या तोडीचे काम होते.

आरंभ कपडे धुण्याच्या यंत्रापासून करावा. यंत्र कपडे पिळत असताना फोन रबरी आवरणात घालून त्याच्या झाकणावर, शक्य तर घसरू नये म्हणून चिकटपट्टीने धरून ठेवावा आणि ॲपमधील त्वरणाच्या वर्णपटाचा पर्याय उघडावा. कोणत्या वारंवारितेची थरथर किती जोरकस आहे, हे हा आलेख दाखवतो. त्यातील सर्वांत उंच शिखर जेथे असेल, त्या आकड्याला ६० ने गुणले की पिंपाचे मिनिटाला होणारे फेरे मिळतात. २० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २० कंपनांवर, शिखर आले, तर १,२०० फेरे. हाच प्रयोग शिलाई यंत्र, पाण्याचा पंप किंवा टेबलावरच्या पंख्याची बैठक यांवरही करता येतो. यंत्र नीट चालत असताना एकदा आलेख जतन करून ठेवावा. पुढे आवाज बदलल्याची शंका आली की नवा आलेख त्याच्याशी ताडून पाहावा. आधी नसलेले शिखर उगवले असेल किंवा जुने शिखर बरेच वाढले असेल, तर काहीतरी ढिले झाले आहे किंवा तोल गेला आहे, असे समजून यंत्र उघडून पाहावे. कारखान्यांतील मोठ्या यंत्रांची देखरेख याच तत्त्वावर चालते.

येथे एक सापळा आहे. संवेदक सेकंदाला जितकी वाचने घेतो, त्याच्या निम्म्यापर्यंतचीच वारंवारिता खरी दिसते. सेकंदाला ५० वाचने घेणाऱ्या फोनवर १,६०० फेऱ्यांचे पिंप, म्हणजे २६.७ हर्ट्झची थरथर, २३.३ हर्ट्झवर दिसते आणि हिशेब १,४०० फेऱ्यांचा निघतो. आकडा इतका विश्वसनीय वाटतो की चुकीची शंकाही येत नाही. ॲप सेकंदाला किती वाचने घेत आहे, ते आधी पाहावे आणि अपेक्षित वारंवारितेच्या निदान चौपट वाचने मिळत नसतील, तर त्या मापनावर भिस्त ठेवू नये.

दुसरा प्रयोग लंबकाचा, आणि तो शाळकरी समजून सोडून देण्याजोगा नाही. फोन एका हलक्या पाळण्यात किंवा कापडी पिशवीत घट्ट बसवून दोन समांतर दोऱ्यांनी टांगावा. एकच दोरी वापरली, तर फोन स्वतःभोवती पीळ खातो. टांगण्याच्या बिंदूपासून फोनच्या मध्यापर्यंतची लांबी मोजावी, फोन दहा अंशांपेक्षा कमी कोनातून सोडावा आणि जायरोस्कोपच्या आलेखावर वीस आंदोलनांना लागलेला वेळ पाहावा. लांबी ०.८० मीटर असेल, तर हा वेळ ३५.९ सेकंदांच्या जवळपास येतो, म्हणजे दोलनकाल १.७९५ सेकंद. आता लांबीला ३९.४८ ने गुणून दोलनकालाच्या वर्गाने भागले की गुरुत्वत्वरण मिळते. लांबी मोजताना पाव सेंटिमीटरचीही चूक होऊ दिली नाही, तर उत्तर ९.८ च्या अगदी लगत येते. एवढ्या घरगुती साहित्यातून ते येताना पाहणे दर वेळी सुखावह वाटते.

हा प्रयोग मी पहिल्यांदा केला तेव्हा उत्तर चक्क चौपट आले होते. दोष दोरीचा नव्हता आणि सूत्राचाही नव्हता. मी जायरोस्कोपऐवजी एकूण त्वरणाचा आलेख वापरला होता. लंबक एका आंदोलनात तळातून दोनदा जातो, एकदा जाताना आणि एकदा परतताना. दोन्ही वेळा दोरीचा ताण सर्वाधिक असतो, त्यामुळे त्वरणाची शिखरे दुप्पट दिसतात आणि दोलनकाल निम्मा मोजला जातो. जायरोस्कोपच्या आलेखात जाण्याची दिशा धन आणि परतण्याची ऋण येत असल्याने असा घोटाळा होत नाही.

तिसरी लय शरीराची. पाठीवर निजून फोन पोटावर, बेंबीच्या किंचित वर ठेवावा आणि गुरुत्वाकर्षणासह त्वरणाचा आलेख मिनिटभर घ्यावा. श्वासागणिक पोट उचलले जाते, फोनचा कल बदलतो आणि वाय अक्षावर संथ लाटा उमटतात. विश्रांतीच्या अवस्थेत प्रौढ माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. तेवढ्या लाटा मोजता येतात. गुरुत्वाकर्षणाविना पर्याय निवडल्यास याच लाटा जवळजवळ दिसेनाशा होतात, ते का, हे वर आलेच आहे. पुढे फोन छातीच्या मध्यभागी, हाडावर ठेवून दहा-पंधरा सेकंद श्वास रोखला, तर झेड अक्षावर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची बारीक उसळी दिसू शकते. ही चाचणी वैद्यकीय नाही आणि तिच्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये. परंतु आपले हृदय फोनला अक्षरशः हलवते, हे डोळ्यांनी पाहण्यात वेगळाच आनंद आहे.

चालण्याची लय मोजणे त्यामानाने सोपे. सामान्य चालीत सेकंदाला दोनच्या आसपास पावले पडतात आणि वर्णपटात तेथे ठळक शिखर येते. त्याच्या निम्म्या वारंवारितेवर, म्हणजे १ हर्ट्झच्या जवळ, दुसरे शिखर दिसले, तर डावे आणि उजवे पाऊल सारखे पडत नाही असा त्याचा अर्थ होतो. मात्र फोन एका बाजूच्या खिशात असेल, तर हे शिखर असेही येतेच, कारण जवळच्या पायाचा धक्का त्याला अधिक जाणवतो. खरी तुलना हवी असेल, तर फोन पट्ट्याने कमरेच्या मागे, मणक्यावर बांधावा.

फिरती तबकडी

ज्यांच्याकडे ध्वनिमुद्रिका वाजवण्याची तबकडी आहे, त्यांना जायरोस्कोपसारखा मदतनीस मिळणार नाही. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे सेकंदाला बरोबर २०० अंश आणि ४५ फेरे म्हणजे २७० अंश. वाजवणारी सुई बाजूला करून फोन तबकडीवर ठेवावा, तो भिरकावला जाणार नाही याची काळजी घ्यावी आणि झेड अक्षाचे वाचन पाहावे. ते सेकंदाला १९८ अंश येत असेल, तर तबकडी एक टक्का मंद आहे आणि गाणे तितकेच खालच्या सुरात वाजत आहे. फोन तबकडीच्या मध्यावर आहे की कडेला, याने वाचनात फरक पडत नाही, कारण तबकडीचा प्रत्येक बिंदू सारख्याच कोनीय वेगाने फिरतो.

ॲक्सेलेरोमीटरचे तसे नाही. केंद्रापासून अंतर वाढले की अभिकेंद्री, म्हणजे केंद्राच्या दिशेचे, त्वरण वाढते, आणि यातून एक छान कोडे सोडवता येते: फोनच्या पोटात ती चिप नेमकी कोठे बसवली आहे? तबकडी ४५ फेऱ्यांनी फिरत असताना केंद्रापासूनच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ०.२२ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण मिळते. फोनचा मध्यबिंदू तबकडीच्या मध्यावर ठेवून एक्स आणि वाय अक्षांची वाचने घ्यावीत, त्यांतून स्तब्ध अवस्थेतील वाचने वजा करावीत आणि उरलेल्या आकड्यांना ०.२२ ने भागावे; चिप मध्यापासून किती सेंटिमीटर सरकलेली आहे ते दोन्ही दिशांनी कळते. मग फोन तेवढा सरकवून पुन्हा मोजावे. वाचन शून्याजवळ आले, तर अंदाज बरोबर. वाढले, तर दिशा चुकली.

फिरती खुर्चीही उपयोगी पडते. फोन खिशात ठेवून, हात पसरून कोणाकडून तरी खुर्ची फिरवून घ्यावी आणि मग हात छातीशी ओढावेत. कोनीय संवेग टिकून राहत असल्यामुळे फिरण्याचा वेग एकदम वाढतो आणि आलेखावर ती पायरी स्वच्छ उमटते.

क्षण

मुक्त पतनात वाचन शून्याजवळ येते, याचा उपयोग फोनपूर्वीच्या यंत्रांनीही केला आहे. आयबीएमने २००३ साली आपल्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये ॲक्सेलेरोमीटर बसवला, तो लॅपटॉप हातातून सुटल्याचे ओळखून हार्ड डिस्कचे वाचनशीर्ष जमिनीवर आपटण्यापूर्वीच सुरक्षित जागी नेण्यासाठी. फोन जाड गादीवर किंवा उशांच्या ढिगावर पाडून आलेखातील शून्याचा पट्टा किती लांब आहे ते पाहिले, तर त्यावरून उंची निघते: वेळेच्या वर्गाला ४.९ ने गुणावे. पट्टा ०.४५ सेकंदांचा असेल, तर उंची ९९ सेंटिमीटर. सेकंदाला १०० वाचने घेणाऱ्या फोनवर या उत्तरात चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडणे स्वाभाविक आहे.

रोजच्या वापरात क्षण ओळखण्याची कला बहुतेक फोनमध्ये आधीच दडलेली असते. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या फोनवर, २०२० सालच्या आयओएस १४ पासून, सेटिंग्जमधील ॲक्सेसिबिलिटी, त्यातील टच आणि त्यात सर्वांत खाली बॅक टॅप असा पर्याय मिळतो. फोनच्या पाठीवर दोन किंवा तीन टिचक्या मारल्या की ठरवलेले काम होते. मोटोरोलाच्या अनेक फोनवर फोन दोनदा कुऱ्हाडीसारखा झटकला की विजेरी लागते. अँड्रॉइडवर मॅक्रोड्रॉइड हे ॲप घेतले, तर फोन हलवणे किंवा पालथा करणे यांतून काय घडावे हे स्वतः ठरवता येते. फोन पालथा ठेवला की घंटी बंद, एवढा एकच नियम लावला तरी बैठकींमधली बरीच शरमिंदगी टळते.

जुना, कपाटात पडून असलेला फोन पहारेकरी म्हणूनही उत्तम चालतो. २०१७ साली फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन आणि गार्डियन प्रोजेक्ट यांनी, अमेरिकेची गुप्त टेहळणी उघडकीस आणणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांच्या सहभागाने, हेवन नावाचे ॲप आणले, त्याची कल्पना हीच होती: फोन सामानावर ठेवून जावे आणि कोणी ते हलवले तर संवेदकांनी त्याची नोंद घ्यावी. असा पहारेकरी स्वतः तयार करताना खणाच्या हालचालीसाठी ॲक्सेलेरोमीटर आणि दारासाठी जायरोस्कोप वापरावा, हे दाराच्या उदाहरणावरून लक्षात आलेच असेल.

जपण्याच्या गोष्टी

शक्तिशाली मोटारसायकलच्या हँडलला आयफोन थेट जोडू नये, असा इशारा ॲपलने २०२१ साली दिला होता, कारण इंजिनाच्या जोरकस थरथरीमुळे कॅमेरा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. कपडे पिळणाऱ्या यंत्रावरही फोन एक-दोन मिनिटांहून अधिक ठेवू नये. फिरत्या छताच्या पंख्यावर तर कोणीही, कधीही, काहीही ठेवू नये.

दुसरी काळजी खासगीपणाची. ॲक्सेलेरोमीटर वापरण्यासाठी अँड्रॉइडवर साध्या ॲपला परवानगी मागावी लागत नाही, आणि हे संवेदक वाटतात तितके अबोल नाहीत. २०१४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की, जायरोस्कोपच्या वाचनांवरून जवळपासचे बोलणे काही अंशी ओळखता येते. आयओएस १३ पासून संकेतस्थळांना गतिसंवेदक वापरण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. अँड्रॉइड १२ साठी घडवलेल्या ॲपना विशेष परवानगीशिवाय सेकंदाला २०० पेक्षा अधिक वाचने मिळत नाहीत. तरीही गतीशी काडीमात्र संबंध नसलेले ॲप गतीची माहिती मागत असेल, तर ते काढून टाकावे.

स्वतःचा खुळखुळा

तयार ॲप पुरेनासे झाले की एमआयटी ॲप इन्व्हेंटरकडे वळावे. ते ब्राउझरमध्ये चालते, त्यात आज्ञा लिहाव्या न लागता ठोकळे जोडून ॲप तयार होते आणि सोबतचे कम्पॅनियन ॲप फोनवर घेतले की आपली निर्मिती लगेच हातात धरून पाहता येते. पहिला प्रकल्प म्हणून खुळखुळा करावा. वाटीत थोडे तांदूळ घेऊन त्यांचा छोटासा, अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी लांबीचा आवाज मुद्रित करावा आणि ती फाइल प्रकल्पात चढवावी. सेन्सर्स या कप्प्यातून ॲक्सेलेरोमीटर आणि मीडिया या कप्प्यातून साउंड हे घटक ओढून आणावेत; मग ठोकळ्यांच्या पानावर शेकिंग या घटनेत साउंड वाजवण्याची आज्ञा बसवावी. एवढ्यावर खुळखुळा वाजू लागतो, परंतु रडतखडत, कारण दोन हलण्यांमध्ये निदान ४०० मिलिसेकंद आणि दोन आवाजांमध्ये निदान ५०० मिलिसेकंद जाऊ द्यावेत, असे या घटकांत मुळातच ठरवलेले असते. दोन्ही घटकांच्या मिनिमम इंटरव्हल या गुणधर्मात १०० लिहिले की तो हाताबरोबर धावू लागतो.

याहून चांगले वाद्य हवे असेल, तर शेकिंग सोडून द्यावे आणि ॲक्सेलरेशन चेंज्ड या घटनेतून तिन्ही अक्षांचे आकडे घ्यावेत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की फोन कसाही धरलेला असला, तरी झटक्याचा एकूण जोर मिळतो. स्थिर फोनसाठी तो ९.८ असतो, म्हणून १३ च्या वर गेल्यास हळू, १८ च्या वर मध्यम आणि २५ च्या वर जोरकस अशा तीन वेगळ्या मुद्रित आवाजांपैकी एक वाजवावा. हे आकडे केवळ आरंभासाठी आहेत. प्रत्येकाच्या मनगटाचा झटका वेगळा असतो, तेव्हा पडद्यावर सर्वांत मोठा आकडा दाखवणारे एक लेबल ठेवून स्वतःच्या हातासाठी ते बदलून घ्यावेत. एकच झटका दोनदा वाजत असल्यास आवाज झाल्यावर जोर ११ च्या खाली येईपर्यंत पुढचा आवाज रोखून धरावा. आधीच्या वाचनात आवाज रोखलेला होता की मोकळा, एवढे लक्षात ठेवणारा एक चल (व्हेरिएबल) पुरतो, आणि या एका ठोकळ्यानंतर खुळखुळ्याचा ताल जुळू लागतो.